गाईड डॉग देणाऱ्या संस्था कुणी चालवायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात दृष्टिहीन मुलामुलींना पांढऱ्या काठीने चालायला शिकवते. गाईड डॉगचा, म्हणजे अंध माणसाला वाट दाखवायला शिकवलेल्या कुत्र्याचा, विषय निघाला की आधी सगळे कुत्र्याबद्दल विचारतात. परदेशी शिकायला निघालेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक मात्र पुढचं विचारतात: ही संस्था कोण चालवतं, तिथे आपलं कोण ऐकणार, कुत्रा उद्या काढून घेतला तर? हे सगळे प्रश्न नेतृत्वाचे आहेत. वारंवार कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

गाईड डॉग संस्था नेमकं काय काम करते? कुत्र्यांना शिकवायचं एवढंच ना?

नाही. कुत्र्याला शिकवणं हा कामाचा मधला तुकडा आहे. त्याआधी पैदास असते, मग पिलू सांभाळणारी स्वयंसेवक कुटुंबं. पिलू साधारण सात-आठ आठवड्यांचं झालं की त्यांच्या घरी जातं आणि सव्वा-दीड वर्षाचं होईपर्यंत तिथेच वाढतं. त्यानंतर प्रशिक्षकाकडे काही महिन्यांचं शिक्षण होतं. पुढे सगळ्यात नाजूक टप्पा येतो तो जोडी जुळवण्याचा, म्हणजे कुणाला कुठला कुत्रा द्यायचा हे ठरवण्याचा. तो माणूस आणि कुत्रा काही आठवडे एकत्र शिकतात आणि घरी जातात. इथून पुढे कुत्रा आठ-दहा वर्षांचा होऊन निवृत्त होईपर्यंत संस्थेने पाठीशी उभं राहायचं असतं.

आज जन्मलेलं पिलू कामाला लागायला दोन वर्षं जातात आणि नवा प्रशिक्षक तयार व्हायला साधारण तीन. त्यामुळे प्रमुखाने आज घेतलेल्या निर्णयाचं बरंवाईट फळ बरेचदा त्याच्यानंतर येणाऱ्याच्या पदरात पडतं. म्हणूनच इथे कोण बसतं याला इतकं महत्त्व आहे.

या संस्थांची सुरुवात कुणी केली?

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या जर्मन सैनिकांसाठी डॉ. गेऱ्हार्ड श्टालिंग यांनी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग इथे पहिली शाळा काढली. पुढे पॉट्सडॅमलाही अशी शाळा निघाली. तिथलं काम पाहून डोरोथी हॅरिसन यूस्टिस ही अमेरिकन बाई थक्क झाली. स्वित्झर्लंडमध्ये व्हेव्हे गावाच्या वरच्या डोंगरावर ती जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करत असे. तिने ५ नोव्हेंबर १९२७ च्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मध्ये या शाळेवर लेख लिहिला.

तो लेख टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात मॉरिस फ्रँक नावाच्या विशीला टेकलेल्या तरुणाला त्याच्या वडिलांनी वाचून दाखवला. सहाव्या वर्षी त्याचा एक डोळा गेला होता आणि सोळाव्या वर्षी बॉक्सिंग खेळताना दुसरा. तो विमा विकायचा, कॉलेजात जायचा, पण बाहेर पडायचं तर पगारी सोबती लागायचा. त्याने यूस्टिसबाईंना पत्र लिहिलं. मला शिकवा, मी परत येऊन माझ्यासारख्या इतरांना शिकवीन, असा त्याचा आशय होता. १९२८ मध्ये तो आगबोटीने युरोपला गेला तेव्हा त्याला पार्सलासारखं नेलं गेलं, वाटेल तेव्हा डेकवर फिरायचीही मुभा नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये बडी नावाच्या कुत्रीला घेऊन तो न्यूयॉर्कला उतरला आणि वार्ताहरांच्या डोळ्यांदेखत गाड्यांनी भरलेला वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवला. यूस्टिसबाईंना त्याने एकाच शब्दाची तार केली: यश.

२९ जानेवारी १९२९ ला नॅशव्हिलमध्ये 'द सीईंग आय' ही संस्था स्थापन झाली. नंतर ती न्यू जर्सीत गेली आणि आज मॉरिसटाउनला आहे. तिने आजवर १७ हजारांहून अधिक जोड्या जुळवल्या आहेत. 'सीईंग आय डॉग' हे नाव कायद्याने फक्त तिच्याच कुत्र्यांना लावता येतं. बाकीचे सगळे गाईड डॉग.

म्हणजे पहिल्या अमेरिकन संस्थेचा प्रमुख अंधच होता?

नाही, आणि इथेच थोडं थांबायला हवं. फ्रँक सहसंस्थापक होता, संस्थेचा चेहरा होता. गावोगाव हिंडून भाषणं देणारा, हॉटेल आणि रेल्वेवाल्यांशी भांडून कुत्र्याला आत घेऊन जाणारा तोच. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी गाईड डॉगला मालकासोबत डब्यात बसू द्यायचं मान्य केलं, यात त्याच्या पायपिटीचा वाटा मोठा. अध्यक्षपद मात्र यूस्टिसबाईंकडे होतं आणि त्यांच्यानंतरही ते डोळस माणसांकडेच राहिलं.

संस्थेचा स्वतःचा कुत्रा वापरणारी व्यक्ती तिच्या अध्यक्षपदी बसायला २००६ साल उजाडावं लागलं. त्या व्यक्तीचं नाव जिम कुच. वयाच्या सोळाव्या वर्षी रसायनांच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. पुढे ते संगणकशास्त्रात डॉक्टरेट झाले, दूरसंचार क्षेत्रात मोठ्या पदांवर राहिले आणि बोलणारा संगणक घडवणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांची गणना होते. अध्यक्ष होण्याआधी ते संस्थेचे विश्वस्तही होते. २०१९ मध्ये ते निवृत्त झाले. १९२९ ते २००६ म्हणजे ७७ वर्षं. या काळात दृष्टिहीन वकील झाले, प्राध्यापक झाले, आमदार झाले. त्यांच्याचसाठी निघालेल्या संस्थेत मात्र त्या एका खुर्चीपर्यंत त्यांच्यातलं कुणी पोचलं नव्हतं.

मग प्रमुख अंधच असावा असं तुमचं म्हणणं आहे का?

दोन उमेदवार तोलामोलाचे असतील तर माझं मत निःसंकोचपणे अंध उमेदवाराला. दिखाव्यासाठी नव्हे, त्यामागे व्यवहाराचं कारण आहे.

कुत्रा वापरणाऱ्याला काही गोष्टी हातातून कळतात. हार्नेसचं, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर बांधलेल्या पट्ट्यांचं, मूठ असलेलं ताठ हँडल डाव्या हातात धरायचं असतं. त्यातून कुत्र्याच्या खांद्याची प्रत्येक हालचाल मनगटापर्यंत येते: तो थबकला, वळला, कचरला, त्याचं लक्ष उडालं. कुत्रा किती ओढतो आणि किती वेगाने चालतो यावर जोडी टिकणार की मोडणार हे ठरतं. म्हणूनच जोडी जुळवण्याआधी 'जूनो वॉक' घेतात. यात कुत्रा नसतोच. प्रशिक्षक स्वतः हार्नेस धरून पुढे चालतो, तुम्ही हँडल पकडून मागे. तो मुद्दाम वेग बदलतो, ओढ वाढवतो, फुटपाथच्या कडेला थांबतो, आणि तुम्हाला काय झेपतं ते पाहतो. खर्च वाचवायला हा टप्पा आटोपता घ्यावा असा प्रस्ताव टेबलावर आला तर ज्याने आयुष्यात कधी ते हँडल धरलेलं नाही त्याला तो निव्वळ वेळापत्रकातला बदल वाटेल. ज्याने धरलंय त्याला त्यामागची मोडलेली जोडी आधीच दिसेल.

न्यूयॉर्क राज्यातल्या 'गायडिंग आईज फॉर द ब्लाइंड' या १९५४ पासूनच्या संस्थेत २०१४ मध्ये थॉमस पानेक हे दृष्टिहीन गृहस्थ प्रमुख झाले. ते धावपटू. त्यांच्या काळात संस्थेने धावणाऱ्यांसाठी कुत्रे तयार करण्याचा कार्यक्रम सुरू केला. मार्च २०१९ मध्ये पानेक यांनी न्यूयॉर्क सिटी हाफ मॅरेथॉन वेस्टली, वॉफल आणि गस या तीन लॅब्रॅडॉरच्या साथीने पूर्ण केली. टप्प्याटप्प्याने कुत्रे बदलत गेले, म्हणजे एकट्यावर २१ किलोमीटरचा ताण आला नाही. डोळस प्रमुखाला हे सुचलं नसतं असं मी म्हणणार नाही. पण 'मला धावायचंय' ही ओढ ज्याच्या स्वतःच्या पायांत आहे त्याला ती अर्जदाराच्या तोंडून आल्यावर समजावून सांगावी लागत नाही.

आता दुसरी बाजू. अंध असणं ही पात्रता आहे, पण ती एकटी पुरत नाही. अंदाजपत्रक वाचता न येणारा, माणसं न सांभाळणारा प्रमुख अंध असला म्हणून संस्था तरत नाही. शिवाय एका खुर्चीवर सगळा भार टाकणंही चुकीचं. विश्वस्तांत, प्रशिक्षण विभागात, तक्रार ऐकणाऱ्या समितीत कुत्रा वापरणारी माणसं असतील, तर डोळस प्रमुखही उत्तम काम करू शकतो.

इतर देशांत काय घडलं?

ब्रिटनमध्ये म्युरिएल क्रुक आणि रोझमंड बाँड या दोघींनी लिव्हरपूलजवळच्या वॉलसी इथे एका भाड्याच्या गॅरेजमधून सुरुवात केली. दोघीही जर्मन शेफर्डच्या जाणकार. प्रशिक्षक 'सीईंग आय'ने उसना पाठवला. १९३१ मध्ये जुडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा या चार कुत्र्यांच्या जोड्या तयार झाल्या. आजची 'गाईड डॉग्ज' ही बलाढ्य संस्था त्यातून उभी राहिली.

ऑस्ट्रेलियात तर हे काम एका अंध विद्यार्थ्याने नेलं. अर्थशास्त्राचे अभ्यासक अर्नोल्ड कुक लंडनला शिकायला गेले होते. १९५० मध्ये ते ड्रीना नावाची कुत्री घेऊन पर्थला परतले आणि पुढच्याच वर्षी तिथे संस्था निघाली. दक्षिण आफ्रिकेत १९५३ मध्ये ग्लॅडिस इव्हान्स या दृष्टिहीन बाई शीना नावाची कुत्री घेऊन आल्या आणि संस्था त्यांच्यामुळेच उभी राहिली. इस्रायलमध्ये मात्र नोआख ब्राउन या प्रशिक्षकाने १९९१ मध्ये केंद्र काढलं, आणि कॅनडात बिल आणि जेन थॉर्न्टन या जोडप्याने १९८४ मध्ये.

मिशिगनमधली 'लीडर डॉग्ज' ही संस्था १९३९ मध्ये लायन्स क्लबच्या मंडळींनी काढली. कनेटिकटच्या 'फिडेल्को'चे संस्थापक चार्ल्स कमान हे हेलिकॉप्टर बनवणारे उद्योजक. 'ओव्हेशन' गिटारही त्यांचीच. अशी कुठकुठली माणसं या कामाकडे ओढली गेली आहेत, हे वाचताना मला फार बरं वाटतं.

विश्वस्त मंडळ आणि मुख्य कार्यकारी अधिकारी, कुणाचं काम काय?

आपल्याकडच्या न्यासासारखंच. विश्वस्त बिनपगारी असतात. धोरण ठरवणं, प्रमुखाची नेमणूक करणं आणि वेळ आली तर त्याला काढणं, हिशेब तपासणं ही त्यांची कामं. मुख्य कार्यकारी पगारी असतो आणि रोजचा कारभार बघतो. त्याच्या हाताखाली प्रशिक्षण, पैदास, पशुवैद्यकीय सेवा आणि देणगी संकलन यांचे प्रमुख.

एक बारीक गोष्ट सांगते, कारण तीवरून संस्थेची नियत कळते. बैठकीची कागदपत्रं विश्वस्तांना कशी मिळतात? दृष्टिहीन विश्वस्ताला आदल्या रात्री स्कॅन केलेल्या चित्रांची पीडीएफ मिळाली, तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यातलं एक अक्षरही वाचत नाही. तो बैठकीला येतो, मान डोलावतो, परत जातो, आणि अहवालात 'मंडळावर दृष्टिहीन प्रतिनिधी आहे' असं छापून येतं. हे मी आपल्याकडच्या संस्थांमध्ये पाहिलंय. कुत्रा देणाऱ्या संस्थेलाही हाच निकष लावा.

कुत्र्याची मालकी कुणाकडे राहते? त्याचा नेतृत्वाशी काय संबंध?

अगदी थेट संबंध आहे. 'सीईंग आय'मध्ये प्रशिक्षण पूर्ण झालं की कुत्र्याची मालकी त्या व्यक्तीकडे जाते. ब्रिटनची 'गाईड डॉग्ज' मालकी स्वतःकडे ठेवते. काही संस्था मधला मार्ग काढून ठरावीक मुदतीनंतर मालकी देतात.

मालकी स्वतःकडे ठेवणाऱ्यांचं म्हणणं असं की कुत्र्याचे हाल होत असतील तर त्याला सोडवता यायला हवं, आणि उपचारांची जबाबदारीही मग संस्थेवरच राहते. यात तथ्य आहे. पण ज्याच्या हातात हँडल आहे त्याच्या डोक्यावर कायम टांगती तलवार राहते. शेजाऱ्याने एक फोन केला, कुत्रा जाड झालाय म्हणाला, की तपासणीला माणूस दारात. आपली पत्नी, मुलं, नोकरी सांभाळणाऱ्या प्रौढ माणसाला कुत्रा सांभाळता येईल की नाही याबद्दल शंका घेण्याचा हा प्रकार अनेकांना अपमानास्पद वाटतो, आणि मला तो त्यांच्याइतकाच खटकतो. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध कायदे सगळ्यांसाठी आहेतच. विश्वस्त मंडळात कुत्रा वापरणारे बसतात तिथे या नियमाची दर काही वर्षांनी उलटतपासणी होते. ते बसत नाहीत तिथे 'आमची पूर्वापार पद्धत' एवढंच उत्तर मिळतं.

कुत्रा फुकट मिळतो का?

बहुतेक ठिकाणी हो. 'सीईंग आय' मात्र पहिल्या कुत्र्याचे १५० डॉलर घेते, त्यानंतरच्या प्रत्येकाचे ५०, आणि माजी सैनिकांकडून फक्त १ डॉलर. यात शिक्षण, राहणं, जेवण, प्रवास सगळं आलं. एका कुत्र्यावर होणारा एकूण खर्च अमेरिकन शाळा ५० हजार डॉलरच्या घरात किंवा त्याहूनही जास्त सांगतात, म्हणजे १५० डॉलर ही काही किंमत नव्हे. हा आकडा १९३० च्या दशकापासून बदललेला नाही. त्यामागचा विचार असा की घेणाऱ्याने दान घेतल्यासारखं मान खाली घालून जाऊ नये. हप्त्यानेही पैसे देता येतात.

विनामूल्य देणाऱ्या संस्थांना मी कमी लेखत नाही. पण ही १५० डॉलरची प्रथा टिकवून धरणं हाही नेतृत्वाचाच निर्णय आहे. देणगीदार दर काही वर्षांनी विचारतात, 'गरिबांकडून पैसे कशाला?' तेव्हा दरवेळी कुणीतरी ठाम उभं राहून उत्तर दिलेलं आहे.

इतका पैसा येतो कुठून? आणि प्रमुखांचे पगार?

देणग्या आणि मृत्युपत्रं. ब्रिटनमध्ये मृत्युपत्रांतून येणारा पैसा हा उत्पन्नाचा फार मोठा भाग आहे. लहान मुलांनीही हातभार लावलाय: १९६४ मध्ये बीबीसीवरच्या मुलांच्या एका कार्यक्रमाने हाक दिली आणि ब्रिटनभरच्या पोरांनी चंदेरी कागद आणि दुधाच्या बाटल्यांची झाकणं गोळा करून गाईड डॉगसाठी पैसे उभे केले.

पगार लपवता येत नाहीत. अमेरिकेत धर्मादाय संस्थांना दरवर्षी 'फॉर्म ९९०' भरावा लागतो आणि त्यात वरच्या अधिकाऱ्यांचा पगार लिहावा लागतो. तो कुणीही पाहू शकतं. ब्रिटनमध्ये वर्षाला ६० हजार पौंडांहून अधिक पगार घेणारे किती, हे संस्थेच्या हिशेबात दाखवावं लागतं. चांगला पगार घेणं हा गुन्हा नाही. शेकडो कर्मचारी, हजारो स्वयंसेवक आणि जिवंत प्राणी सांभाळायचे तर चांगला माणूस लागतो. पगाराच्या शेजारी त्या वर्षी किती जोड्या जुळल्या हा आकडा ठेवून पाहा, मग मत बनवा.

प्रमुखाला कुत्र्यांतलं कळायला हवं का?

स्वतः कुत्रा शिकवता येण्याची गरज नाही. पण पैदास आणि प्रशिक्षण विभागाच्या प्रमुखाने 'नाही' म्हटलं तर ते ऐकायची तयारी हवी. गाईड डॉगला आज्ञा पाळायला शिकवतात, तशीच ती मोडायलाही शिकवतात: 'पुढे चल' म्हटलं आणि समोरून गाडी येत असली तर कुत्र्याने हलायचं नाही. हा गुण घाईत अंगी बाणवता येत नाही. बरीच पिलं शेवटपर्यंत पोचत नाहीत. कुणी आवाजाला बिचकतं, कुणाचे खुबे कमजोर निघतात. त्यांना दुसऱ्या कामावर किंवा घरगुती कुत्रा म्हणून पाठवतात. गाळणी सैल करून वर्षाचा आकडा फुगवायचा मोह प्रमुखाला होऊ शकतो, आणि त्याची किंमत चौकात उभा असलेला माणूस मोजतो.

'सीईंग आय'ने पिढ्यानपिढ्यांच्या नोंदी ठेवून निवडक पैदाशीने खुब्याच्या सांध्याचा आजार बराच कमी केला. असं काम दहा-वीस वर्षं चालतं आणि त्यातून वार्तापत्रात छापण्याजोगा फोटो मिळत नाही. त्याला पैसे देत राहणारं विश्वस्त मंडळ मला मोठं वाटतं.

प्रतीक्षायादी इतकी लांब का?

कोविडमध्ये पैदास आणि प्रशिक्षण दोन्ही थांबलं, अनुभवी प्रशिक्षक सोडून गेले आणि त्याचा धक्का नंतर कित्येक वर्षं जाणवत राहिला. ब्रिटनमध्ये लोकांना दोन-दोन वर्षं थांबावं लागल्याच्या बातम्या आल्या. ज्याचा पहिला कुत्रा निवृत्त झालाय त्याच्यासाठी दोन वर्षं म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी कोपराला धरून ऑफिसला जाणं. अशा वेळी प्रमुखाने स्पष्ट सांगायला हवं: तुमचा नंबर कितवा, अंदाजे किती महिने, आणि तोवर काठीचं ताजं प्रशिक्षण आम्ही देऊ. 'लवकरच कळवू' हे उत्तर नव्हे.

या संस्थांवर देखरेख कोण ठेवतं?

१९८९ मध्ये स्थापन झालेला इंटरनॅशनल गाईड डॉग फेडरेशन हा जागतिक महासंघ ठरावीक मानकांनुसार तपासणी करून मान्यता देतो. तपासणारे बहुधा याच क्षेत्रातले जाणकार. मान्यता आहे का, हे आधी पाहावं.

सरकारी देखरेखीचं एक वेगळं उदाहरण कॅलिफोर्नियात होतं. तिथे गाईड डॉगच्या प्रशिक्षकांना परवाना देणारं राज्य मंडळ होतं आणि त्यावर कुत्रा वापरणाऱ्या अंध सदस्यांना जागा राखलेल्या होत्या. अमेरिकेत असं मंडळ असलेलं ते एकमेव राज्य. २०१८ उजाडताना ते बंद झालं. शाळांना दुहेरी तपासणी नको होती. ते जावं असं अनेक वापरकर्त्यांनाही वाटत होतं आणि राहावं असंही अनेकांना वाटत होतं. माझं मत राहावं या बाजूचं. महासंघात शाळाच शाळेला तपासते, तर त्या मंडळावर कुत्रा वापरणाऱ्याला कायद्याने मत होतं.

वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या संघटना आहेत का?

अमेरिकेत दोन मोठ्या आहेत: अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंडशी संलग्न 'गाईड डॉग यूजर्स' आणि नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडचा गाईड डॉग वापरणाऱ्यांचा विभाग. शाळा बदलायची असो, कुत्रा काढून घेण्याविरुद्ध दाद मागायची असो, पहिला फोन यांना करा. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा गटही असतो, पण तो शाळेच्याच खर्चाने चालत असेल तर त्याच्या टीकेची धार किती राहील याचा विचार करावा.

भारतात अशी संस्था का नाही दिसत?

भारतातल्या रस्त्यावर गाईड डॉग घेऊन चालणारी व्यक्ती क्वचितच दिसते, आणि त्याची कारणं कुणालाही दिसतील अशी आहेत. पुण्यात मी शिकवते त्या फुटपाथवर दुचाकी उभ्या असतात, गल्लीच्या तोंडाशी चार भटकी कुत्री बसलेली असतात आणि ती अनोळखी कुत्र्यावर धावून जातात. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात डांबर पंजे भाजेल इतकं तापतं. सोसायट्या घर भाड्याने देताना कुत्रा म्हटलं की नकार देतात. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात मार्गदर्शनाच्या जिवंत मदतीचा उल्लेख आहे आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. तरी हॉटेलच्या दारातल्या रखवालदाराला त्यातलं काही माहीत नसतं.

उद्या कुणी इथे शाळा काढायची म्हटली तर मी तीन गोष्टींचा आग्रह धरीन. पहिल्या दिवसापासून निर्णय घेणाऱ्यांत दृष्टिहीन माणसं, त्यातही रोज बस-लोकलने एकटी फिरणारी. कुत्रा निवृत्त होईपर्यंतच्या पशुवैद्यकीय खर्चाची आधीच केलेली तरतूद. आणि काठीच्या प्रशिक्षणाच्या पैशाला हात न लावणं, कारण काठीने नीट चालता येणं ही गाईड डॉगची पहिली पायरी आहे. या देशात अंधांनी संस्था चालवणं नवं नाही. अंधांनीच चालवलेला राष्ट्रीय महासंघ १९७० पासून काम करतोय.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मराठी कुटुंब काय करू शकतं?

मॉरिसटाउन तुमच्यापासून फार लांब नसणार. पार्सिपनीहून तर शेजारीच. 'सीईंग आय' आसपासच्या भागातल्या कुटुंबांना पिलं सांभाळायला देते. पिलाचा वैद्यकीय खर्च संस्था उचलते. तुम्ही त्याला घर, शिस्त आणि जगाची ओळख द्यायची: बाजार, स्टेशन, गणपतीतला ढोल, सगळं. एका वेळच्या सगळ्या पिलांची नावं एकाच अक्षरापासून ठेवतात, त्यामुळे नाव ठेवायची हौस मात्र फिटणार नाही. आणि ते पिलू परत द्यायचं असतं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

आणखी एक. तुमच्यापैकी कितीतरी जण हिशेब, माहिती तंत्रज्ञान, कायदा यांत मुरलेले आहात. अशा संस्थांच्या समित्यांना तुमच्यासारखी माणसं हवीच असतात. पिलू जमत नसेल तर तिथे विचारा.

देणगी देण्याआधी किंवा अर्ज करण्याआधी संस्थेला काय विचारावं?

मंडळावर गाईड डॉग वापरणारे किती, आणि त्यांच्यापैकी कुणी अध्यक्ष किंवा खजिनदार झालंय का. कुत्र्याची मालकी कुणाकडे आणि तो काढून घ्यायची वेळ आली तर सुनावणी कोण करतं. गेल्या वर्षी किती जोड्या जुळल्या आणि त्यातल्या किती पहिल्याच वर्षात मोडल्या. घरी गेल्यावर अडचण आली तर प्रशिक्षक किती दिवसांत येतो. वेबसाइट आणि अर्ज स्क्रीन रीडरने पूर्ण भरता येतो का, हे विचारू नका, स्वतः भरून पाहा. मोडलेल्या जोड्यांचा आकडा विचारल्यावर जी संस्था तो आकडा सांगते, वर कारणंही सांगते, तिथे अर्ज करा.